एपिसोड: टाक्यांजवळची गाठ आणि परळची स्लाइड

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरापासून.

गेल्या वर्षी ताईच्या सिझरच्या टाक्यांजवळ गाठ लागली. घट्ट, न दुखणारी. जवळचे एक डॉक्टर हात लावून म्हणाले, "टाक्याची गाठ आहे, काढून टाकू." आम्ही तारीखही घेतली. दुसऱ्या डॉक्टरांनी थांबवलं: "आधी एमआरआय, मग सुईने तुकडा. कापायचं नंतर बघू."

का? जुन्या वणाजवळ बऱ्याचदा टाक्याच्या दोऱ्याभोवतीची साधी गाठ असते, कधी पाळीत दुखणारं एंडोमेट्रिओसिस, आणि क्वचित सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांचा कॅन्सर. नुसत्या हाताला फरक कळेलच असं नाही. सार्कोमा घाईत अर्धवट कापला, तर पेशी मागे राहतात आणि पुढचं ऑपरेशन मोठं होतं.

बोटांवरून सूक्ष्मदर्शकाकडे जायलाही वेळ लागला. १८३२ मध्ये मॅकफार्लेन यांनी पोटाच्या भिंतीतल्या अशाच एका चिवट गाठीचं वर्णन केलं. १८३८ मध्ये जर्मनीत योहानेस म्युलर यांनी गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या आणि हिला नाव दिलं 'डेस्मॉइड'. ग्रीक 'डेस्मॉस' म्हणजे पट्टा.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथली प्रयोगशाळा उभी केली डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. १९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाईंसोबत एक पेपर लिहिला. त्यात धोतर घट्ट बांधून कमरेवर जिथे वर्षानुवर्षं काचतं, तिथे होणारा त्वचेचा कॅन्सर होता. आजार वेगळा, पण मला भिडली ती नजर: स्लाइड बघायचीच, पण त्या जागी आधी काय घडलं तेही विचारायचं.

म्हणून बायोप्सीच्या फॉर्मवर "सिझर, अमुक साली" लिहिणं गरजेचं. ते नसेल तर लॉगशिवाय बग पाठवल्यासारखं होतं.

ताईच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन मी भाईंदरहून लोकल पकडली, दादरला उतरून परळ गाठलं. रिपोर्ट आला: डेस्मॉइड. ही गाठ शरीरात पसरत नाही, पण आजूबाजूला मुळं धरते, आणि कापली तरी परत येऊ शकते. त्यामुळे सध्या ऑपरेशन नाही, ठरावीक महिन्यांनी एमआरआय. शेवटच्या दोन्ही वेळी गाठ वाढलेली नव्हती. घेतलेली तारीख आम्ही रद्द केली होती, तेच बरं झालं.

तुमच्या घरी कुणाच्या जुन्या वणाजवळ गाठ वाढत असेल, तर घाबरू नका, पण थांबूही नका. कापण्याआधी एकच विचारा: "डॉक्टर, बायोप्सी केली का?" आणि जुन्या ऑपरेशनची फाइल सोबत न्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!