बलवान हात सोडणे (पोकर)

टेक्सस होल्डेम पोकरमध्ये चांगली पाने असूनही फोल्ड करणे, म्हणजे पाने टाकून डाव सोडणे. सुरुवातीचे दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. पाच प्रतिस्पर्धी शेवटपर्यंत राहिल्यास जेमतेम निम्म्या वेळा. पटावर, म्हणजे सर्वांच्या सामाईक पानांत, बदामाची चार पाने उघडली, आपल्याकडे बदाम नाही आणि संयमी खेळाडूने मोठी बेट (पैज) लावली, तर एक्क्यांची जोडीही सोडावी. अखेरच्या फेरीत हिशेब सरळ असतो: १००च्या पॉटमध्ये (जमलेल्या रकमेत) ५०ची बेट आली, तर कॉलसाठी, म्हणजे तेवढीच रक्कम लावून डावात राहण्यासाठी, जिंकण्याची किमान २५ टक्के शक्यता हवी. ऑनलाइन खेळात चेहरा दिसत नाही. बेटचा आकार, आधीचे डाव आणि लागलेला वेळ एवढ्याच खुणा उरतात. त्यांत वेळ सर्वांत फसवा, कारण समोरचा अनेक टेबलांवर एकाच वेळी खेळत असू शकतो. भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे.