दक्षिणायनातले रायपूर

उन्हाळा सरला की दिवस उतरणीला लागतो. हा उतार मनाला कसा भासतो, ह्याचे उत्तर प्रत्येक प्रदेश आपापल्या अक्षांशाप्रमाणे देत आला आहे. लंडनमध्ये जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक असतो, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस आठ तासही भरत नाही. अशा ठिकाणी उन्हाळा संपताना माणसाला हुरहूर लागावी, हे स्वाभाविकच होय. रायपूर हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सव्वाएकवीस अंशांवर आहे. तेथील सर्वांत मोठा दिवस १३ तास २६ मिनिटांचा आणि सर्वांत लहान १० तास ५० मिनिटांचा. दोहोंतील अंतर अवघे २ तास ३६ मिनिटे. तरीही हे अडीच तास छत्तीसगढच्या लोकजीवनात नोंदले गेले आहेत. ते कसे, हे पाहणे उद्बोधक आहे.

शास्त्रपुराणांनी दक्षिणायनाला फारसा मान दिलेला नाही. शरपंजरी पडलेले भीष्म उत्तरायणाची वाट पाहत थांबले. गीतेच्या आठव्या अध्यायात दक्षिणायनाचे सहा महिने हे परतून येणाऱ्यांच्या वाटेवरचे मानले आहेत. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वैदिक ऋषींच्या अंधाराविषयीच्या भीतीचा संबंध थेट उत्तरध्रुवाजवळच्या दीर्घ रात्रीशी जोडला होता. तो सिद्धान्त आज विद्वन्मान्य नाही. परंतु अंधार वाढू लागल्यावर होणारी कालवाकालव किती जुनी आहे, ह्याकडे त्याने लक्ष वेधले, हे मान्य केले पाहिजे. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे रायपूरचेच रहिवासी. समर्थांचा ‘दासबोध’ही त्यांनी हिंदीत नेला. ग्रंथांतला दक्षिणायनाचा हा विचार रायपूरच्या मराठी घरांना अपरिचित नव्हता. पण त्या घरांच्या दाराबाहेर, धानाच्या बांधावर, दक्षिणायनाकडे पाहण्याची एक निराळीच दृष्टी नांदत होती.

तिचे पहिले कारण हवेत आहे. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. तळी आटतात, माती भेगाळते आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ज्या सूर्याने दोन महिने भाजून काढले, तो आता माघारी वळणार, ह्याचे दुःख कोणाला व्हावे? साधारणतः जूनच्या मध्यास पाऊस रायपूरला पोहोचतो. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा दिवस येतो तोच मुळी ढगांची घोंगडी पांघरून. दिवसाचा ऱ्हास सुरू होतो, परंतु तो कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

दुसरे कारण आकाशातल्या हिशेबाचे आहे. २१ जूनला रायपुरात सूर्य संध्याकाळी ६ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास मावळतो, ऑगस्टअखेर ६ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास. दहा आठवड्यांत पुरा अर्धा तासही गेला नाही. तेथून पुढे मात्र सूर्य घाई करतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो साडेपाचच्या आधीच अस्ताला जातो. हळू उतरणारे दिवस ढगाआड जातात आणि झपाट्याने उतरणारे दिवस नेमके आभाळ मोकळे झाल्यावर येतात. म्हणून आश्विन लागला की संध्याकाळ एकाएकी अंगणात उभी राहिल्यासारखी वाटते.

हा अनुभव मराठी माणसाच्या वाट्याला येथे केव्हा आला? १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले आणि हैहयवंशीयांचे जुने राज्य भोसल्यांच्या छायेखाली गेले. पुढे रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी ह्यांनी रतनपूर येथे राहून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. त्यांच्या काळात मराठी भाषा आणि मोडी लिपी ह्या भागाच्या दफ्तरात रुजली. १८१८ साली ब्रिटिश देखरेख आली आणि कर्नल अॅग्न्यू ह्यांच्या अमदानीत कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे आला व १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. १८६१ पासून मध्यप्रांत, १९५० पासून मध्यप्रदेश, अशा नावांखाली १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपुरातूनच चाले. एवढ्या दीर्घ सहवासात कारकून, शिक्षक, वकील आणि रेल्वेचे नोकर अशी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांनी आपल्याबरोबर देव आणले, भाषा आणली, आणि पंचांगही आणले.

हे पंचांग शेजाऱ्यांच्या पंचांगाशी महिन्याच्या नावावरून जुळत नव्हते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. छत्तीसगढात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे जी रात्र मराठी कारकून ‘आषाढ वद्य ३०’ म्हणून लिही, तीच रात्र शेजारच्या शेतकऱ्याच्या लेखी सावन महिन्याची अमावास्या असे. नावे दोन, पण चंद्र एक आणि काळोखही एक. त्या दिवशी मराठी घरात दिव्यांची अवस साजरी होते. समया, निरांजने, लामणदिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, भोवती रांगोळी घालतात, कणकेचे दिवे उजळतात. त्याच दिवशी छत्तीसगढी घरात हरेली असते. बियासीची, म्हणजे उभ्या धानात नांगर फिरवण्याची, मेहनत उरकत आलेली असते. नांगर, कुदळ, फावडी धुऊन अंगणात मांडतात व त्यांना चिल्याचा नैवेद्य दाखवतात. मुले बांबूच्या गेड्यांवर चढून चिखल तुडवतात. राऊत दारावर कडुलिंबाची डहाळी खोवतो, लोहार चौकटीत खिळा ठोकतो.

ह्या डहाळीत आणि खिळ्यात भीती दडलेली आहे. हरेलीच्या रात्री जादूटोण्याचा संचार होतो, अशी समजूत जुनी आहे, आणि गावाचा बैगा त्या रात्री गावाच्या रक्षणासाठी पूजा बांधतो. पावसाळी काळोखात साप निघत, ताप आणि पटकी येई. तेलाचा दिवा फार तर ओसरीपुरता पुरे. भीतीला कारण होते. मराठी घराने त्या रात्री दिवा घासला, छत्तीसगढी घराने दाराला कडुलिंब लावला. दोन्ही कृतींचा अर्थ एवढाच, की पुढे काळोखाचे दिवस आहेत, सिद्धता केलेली बरी.

महिन्याने पुढची अमावास्या येते. ही पोळ्याची. विदर्भात बैलांची मिरवणूक निघते, छत्तीसगढात तिला ‘पोरा’ म्हणतात, आणि तेथेही बैल पुजले जातात. मुले मातीचे बैल आणि मुली मातीची भांडी घेऊन खेळतात. परंतु छत्तीसगढच्या शेतकऱ्याची ह्या दिवसाविषयी आणखी एक श्रद्धा आहे. ह्याच सुमारास धानाच्या पोटात गर्भ राहतो. म्हणून पोऱ्याच्या दिवशी कोणी शेतात पाऊल टाकू नये. गर्भवतीला जपावे तसे शेताला जपावे.

ह्या श्रद्धेला विज्ञानाने अनपेक्षित आधार दिला. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले, की अनेक वनस्पतींच्या फुलण्याचा काळ दिवसरात्रीच्या लांबीने ठरतो. भात ही ‘लघुदिन’ वनस्पती आहे. विशेषतः उशिरा पिकणाऱ्या जुन्या जातींत दिवस एका ठराविक मर्यादेपेक्षा लहान झाल्याशिवाय पोटरीत लोंब धरत नाही. पेरणी पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी अशी शेते जवळजवळ एकाच वेळी निसवतात. कारण ती पेरणीचे दिवस मोजत नाहीत, रात्रीची लांबी मोजतात. ऑगस्ट संपताना रायपूरचा दिवस जूनपेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी लहान झालेला असतो. ढगाआड झालेली जी घट माणसाला उमगत नाही, ती धानाच्या रोपाला उमगते. दिवस घटल्यावाचून दाणा भरत नाही, असा ह्या भूमीचा नियम होता. ज्या प्रदेशाला ‘धानाचा कटोरा’ म्हणतात, त्याने उतरत्या उजेडाबद्दल शोक कसा करावा?

शोकाचे कारण वेगळेच असे. लोंब धरल्यावर तिला शेवटचा पाऊस लागतो. भाद्रपदातच आभाळ निरभ्र झाले, चांदणे पिठासारखे पडू लागले, तर कवीला आनंद होईल. शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठतो. १८९६ साली पावसाने अशीच अकाली पाठ फिरवली आणि मध्यप्रांतात दुष्काळ पडला. तीन वर्षांनी, १८९९ मध्ये, पाऊस पुन्हा फिरकला नाही आणि १९०० सालपर्यंत छत्तीसगढने त्याहूनही भीषण दुष्काळ सोसला. अशा वर्षी दिवस नेहमीप्रमाणेच लहान झाले, पण शेतात भरण्याजोगे काही उरले नव्हते. त्या शरद ऋतूंतील स्वच्छ आकाशाइतके निष्ठुर दुसरे काही नसेल. म्हणून रायपूरच्या परिसरातील माणसाची संध्याकाळविषयीची भावना नुसत्या उजेडावरून सांगता येत नाही. बांधावर उभे राहून ती विचारावी लागते.

पाऊस वेळेवर गेला, तर मात्र आश्विनासारखा महिना नाही. विजयादशमीला आपट्याचे सोने देण्याची रीत ह्या भागात बिंबाजी भोसल्यांनी आणली, असे परंपरा सांगते. दसऱ्यानंतर स्त्रियांचे सुवा नृत्य सुरू होते. टोपलीत धान भरून त्यावर मातीचा किंवा लाकडाचा पोपट ठेवतात आणि त्याच्याभोवती टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात. पोपटाला उद्देशून गायिलेल्या ह्या गीतांत सासुरवाशिणीचे आणि विरहिणीचे दुःख असते. अंधारून येणारी संध्याकाळ मनात जे हलवते, त्याला येथे वाट मिळते. आणि मग येते सुरहुत्ती, म्हणजे दिवाळीची रात्र. दिवस आता जूनपेक्षा दोन तासांनी लहान झालेला असतो. नव्या तांदळाच्या पिठाचे दिवे करून ते गोठ्यात, कोठीपाशी, विहिरीवर, उकिरड्यावरही ठेवतात. आषाढात मराठी घराने कणकेचा दिवा लावला, तेव्हा शेतात नुसती हिरवी पात होती. सुरहुत्तीचा दिवा त्या शेतातून आलेल्या दाण्याचा असतो.

ह्या घडणीला पहिला धक्का घड्याळाने दिला असता. पण रायपूरचे नशीब चांगले. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली व रायपूर रुळांवर आले. तेव्हा रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले. ती वेळ रायपूरच्या सूर्यापेक्षा साडेपाच मिनिटांनीच मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तीही रायपूरच्या सूर्यापेक्षा जेमतेम साडेतीन मिनिटे पुढे. मुंबईच्या सूर्याला प्रमाणवेळेने जवळजवळ एकोणचाळीस मिनिटे मागे टाकले आणि तेथे त्यावरून मोठा वाद माजला. रायपुरात घड्याळ आणि सूर्य ह्यांचे भांडण झालेच नाही. अपवाद महायुद्धाचा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने देशभरची घड्याळे तासभर पुढे केली. कागदावर संध्याकाळ लांबली; डिसेंबरात मात्र रायपुरात साडेसात वाजून गेले तरी सूर्य उगवत नसे.

खरा बदल त्यानंतर झाला. विजेच्या दिव्याने संध्याकाळची धास्ती घालवली. १९६६ नंतर बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या भाताच्या जाती आल्या; त्या दिवसाची लांबी विचारीत नाहीत, पेरल्यापासून ठराविक दिवसांत पिकतात. अन्नाची निकड पाहता त्यांचे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु त्यांच्याबरोबर सूर्याकडे पाहून फुलणाऱ्या कितीतरी जुन्या जाती शेतांतून दिसेनाशा झाल्या. डॉ. राधेलाल रिछारिया ह्यांनी रायपूर येथे राहून १९७० नंतरच्या काळात छत्तीसगढच्या अशा हजारो जातींचे बियाणे गोळा केले. १९८७ साली स्थापन झालेल्या रायपूरच्या कृषी विद्यापीठात आज वीस हजारांहून अधिक नमुन्यांचा हा ठेवा जतन केलेला आहे. त्यांतील अनेक बियांत उतरत्या दिवसाची ओळख अजून शाबूत आहे.

२००० साली छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर त्याची राजधानी. हरेलीच्या दिवशी तेथील मराठी घरांत आजही दिवे घासले जातात, आणि भिंतीपलीकडच्या अंगणात नांगर धुतला जातो. एका घरी आषाढ संपतो, दुसऱ्या घरी सावन अर्ध्यावर येतो. दोन्ही घरांना ठाऊक असते, की आता रात्री मोठ्या होत जाणार. आणि दोन्ही घरांत शिजणारा भात त्याच रात्रींनी पिकवलेल्या धानाच्या वंशातला आहे.