ओळखीची खूण

जळगावचा उन्हाळा ज्यानं काढलेला नाही, त्याला माझ्या शर्टाच्या पूर्ण बाह्यांचं महत्त्व कळायचं नाही. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांना टेकतो, केळीची पानं कडेनं करपतात आणि बाकीचं गाव जाळीच्या बनियनवर येतं. अशा हवेत मी ३० वर्षं मनगटाची गुंडी लावून मराठी शिकवलं. लोकांना वाटे, सर शिस्तीचे आहेत. काहींना वाटे, सरांना कोड आहे. एका सहशिक्षकानं तर आडून आडून एका वैद्याचा पत्ताही दिला होता.

खरी गोष्ट अशी, की माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, 'नथु' असं गोंदलेलं आहे. त्यातला 'थु' ऱ्हस्व आहे. मी मराठीचा मास्तर. पोरांचे ऱ्हस्वदीर्घाचे अर्धे अर्धे गुण निर्दयपणे कापणारा. आणि शब्दाच्या अंती येणारा उकार दीर्घ लिहावा हा नियम ज्या हातानं फळ्यावर लिहायचा, त्याच हातावर नियमभंग कायमचा कोरलेला! फळ्यावर उंच लिहिलं की बाही वर सरके. म्हणून मी फळ्याचा फक्त खालचा अर्धा भाग वापरत असे. पोरांनी मला 'आडवा फळा' हे नाव ठेवलं होतं, ते मला निवृत्तीच्या समारंभात कळलं.

आता हा नथु कोण, तर मीच. माझ्या आधी मायची दोन मुलगे गेले. तिसरा जगावा म्हणून मी जन्मलो त्याच आठवड्यात माझी उजवी नाकपुडी टोचली आणि नाव ठेवलं नथू. खानदेशात तुम्हाला नथू, भिका, दगडू, धोंडू ही नावं घरोघर भेटतील. त्यामागं सरळ हिशेब असतो. नाव इतकं टाकाऊ ठेवायचं, की यमाच्या दूतानं यादी वाचताना नाक मुरडून पुढं जावं. आणि मुलाच्या नाकात दागिना असला, की ही पोरगीच आहे असं समजून त्यानं परत फिरावं. यमाच्या खात्यात तपासणी एवढी ढिली असेल असं वाटत नाही, पण मी पंचाहत्तरीला आलो आहे हे खरं.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी 'नथू'चं 'नरेंद्र' केलं. मायला ते कधी तोंडात बसलं नाही. १९५८ साली, मी सात वर्षांचा असताना, ती मला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेली. तापीकाठी एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीला भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार दूरदूर प्रसिद्ध आहे. तेव्हा ते गाव पश्चिम खानदेश, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होतं. १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात गेलं. एवढ्या गर्दीत, एवढ्या घोड्यांत एकुलतं एक पोर हरवलं तर काय, म्हणून मायनं मला गोंदणाऱ्यापुढं बसवलं. त्याच्याकडं बॅटरीवर गुरगुरणारं यंत्र होतं आणि अक्षरामागं दोन आणे असा दर होता. 'नरेंद्र'पेक्षा 'नथू' स्वस्त पडत होतं आणि तिच्या दृष्टीनं खरंही होतं. "हराई गया तं हात दखाडजो," ती म्हणाली. मी रडत होतो, ती मला गोडी शेव भरवत होती, आणि यंत्रवाला उकार ऱ्हस्व काढत होता. तिघांपैकी शुद्धलेखन कुणालाच येत नव्हतं. सरकारनं शुद्धलेखनाचे नियम मान्य केले १९६२ साली, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माझा हात नियमांच्या आधीचा आहे. पण हा बचाव वर्गात चालला नसता.

त्या यंत्राची कुळकथा मला निवृत्तीनंतर कळली, जेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही आणि वाचायला वेळ उरला. एडिसननं १८७६ साली कागदाला बारीक भोकं पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. त्या भोकांतून शाई दाबून एका मजकुराच्या पुष्कळ प्रती काढायच्या. पुढं १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानं त्याच कल्पनेवरून गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट काढलं. म्हणजे ज्या घराण्यातून आमच्या शाळेचं प्रश्नपत्रिका काढायचं सायक्लोस्टाइल आलं, त्याच घराण्यातून माझा हात आला! प्रश्नपत्रिकेतही चुका असतच, पण ती दुसऱ्या वर्षी बदलता येई.

मायचं गोंदण मात्र यंत्राचं नव्हतं. गावात गोंदणारीण यायची, ओट्यावर बायका-पोरी गोल करून बसायच्या. दिव्याची काजळी कालवलेली, सुयांची जुडी एकत्र बांधलेली, टोचून झालं की वर हळद आणि तेल. मायच्या कपाळावर चंद्रकोर होती, हनुवटीवर ठिपके होते, उजव्या हातावर तुळस होती आणि डाव्यावर विंचू. ती लिहिणं शिकली नाही, पण तिच्या अंगावर मजकूर माझ्यापेक्षा जास्त होता. गोंदणाविषयी तिचा एकच सिद्धान्त होता आणि तो सगळ्या महाराष्ट्रातल्या बायकांचा आहे. सोनंनाणं इथंच राहतं, मेल्यावर अंगाबरोबर जातं ते गोंदण. "दागिना चोर लई जाई भाऊ, हाई कोन लई जाई?" ज्या गावात सराफ बाजारातल्या सोन्याचं कौतुक महाराष्ट्रभर चालतं, त्या जळगावात राहून मी हे वाक्य पुष्कळदा आठवलं आहे.

मी मॅट्रिक झालो, धुळ्याला कॉलेजात गेलो, आणि लक्षात आलं की आपण गोंदलेले आहोत. तोवर ते कळलंच नव्हतं, जसं आपण अहिराणी बोलतो हे धुळ्याला पोचेपर्यंत कळलं नव्हतं. वसतिगृहात एकानं माझा हात धरून मोठ्यानं वाचला. त्याच संध्याकाळी मी पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट शिवायला टाकले.

नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत अर्जावर रकाना होता : 'शरीरावरील ओळखीची खूण'. सरकारला माझी जी खूण हवी होती ती माझ्या हातावर सरकारी लिपीत लिहिलेली होती. मी सांगितलं, "मानेवर तीळ." डॉक्टर सज्जन होते. त्यांनी चष्मा लावून मान पाहिली, उजेडात नेऊन पाहिली, मग माझा हात पाहिला, मग माझं तोंड पाहिलं, आणि 'मानेवर तीळ' असं लिहून सही केली. हा तीळ पुढं माझ्या सगळ्या कागदपत्रांवर राहिला. तो मला अजून सापडलेला नाही.

त्या डॉक्टरांनी मला असं का पाहिलं असेल, याचं उत्तर मला पुढं इतिहासात मिळालं. कंपनी सरकारच्या बंगालमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवत असत. त्या शिक्षेला साहेबांच्या दप्तरातही 'गोदना'च म्हणत. म्हणजे शब्द आपल्या बायकांचा, जागाही आपल्या बायकांचीच, फक्त चंद्रकोरीच्या ठिकाणी कोर्टाचा शेरा. १८४९ साली हे बंद झालं. ते कैदी पागोटं भुवयांपर्यंत ओढत असणार, हे मी कागदपत्रांवरून नव्हे, अनुभवावरून सांगतो.

आणि त्याच साहेबांच्या राजघराण्यात काय चाललं होतं? राणी व्हिक्टोरियाच्या युवराजानं, पुढच्या सातव्या एडवर्डनं, १८६२ साली जेरुसलेमला हातावर क्रूस गोंदवून घेतला. त्याचा मुलगा, पुढचा पंचम जॉर्ज, १८८१ साली आरमारी जहाजावरून जपानला गेला तेव्हा हातावर चक्क ड्रॅगन काढून आला. हा तोच बादशहा, ज्याच्या आगमनाच्या स्मरणार्थ पुढं गेटवे ऑफ इंडिया बांधलं. त्याच्या हातावर साप चालला, माझ्या मायच्या हातावर विंचू म्हणजे अडाणीपणा! मला हे १९७६ साली माहीत असतं तर बरं झालं असतं, कारण त्या साली माझं लग्न झालं.

सासरे निवृत्त मामलेदार, नाशिकचे. बघण्याच्या कार्यक्रमाला मी पूर्ण बाह्या घालून गेलो हे सांगायला नकोच. लग्नात पेच निघाला तो वेगळाच. नवरीच्या नाकाला भोक नव्हतं आणि नवऱ्याच्या नाकाला होतं! तिला चापाची नथ घालावी लागली. तिच्या आत्याबाई मंडपभर सांगत फिरत होत्या, की नाक टोचणं हा आपला अनादी काळाचा संस्कार, आणि हल्लीच्या शिकलेल्या मुली तो बुडवायला निघाल्यात. आत्याबाई आज हव्या होत्या. अजिंठा जळगावपासून ६० किलोमीटरवर. तिथल्या चित्रांतल्या राण्या-दासी पाहाव्यात. कानांत इतके अवजड दागिने की पाळ्या खांद्याला टेकायच्या बेतात, पण एकीच्याही नाकात काही नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीचा जुना माग काढला होता. इसवी सन १००० च्या मागं त्यांना आपल्याकडं नथीचा पत्ता लागला नाही. कानाचं मात्र खरंच जुनं आहे. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याची विधिवत माहिती आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावा, बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावं, पाळी उन्हात धरून पातळ जागा पाहावी, मुलाचा आधी उजवा, मुलीचा आधी डावा. फाटलेली पाळी जोडण्याचे १५ प्रकारही दिले आहेत, म्हणजे फाटत पुष्कळ असणार. पुढं पेशवाईतल्या पुरुषांच्या कानात भिकबाळी आली, आणि हल्ली ढोलताशा पथकातल्या पोरांच्या कानात ती पुन्हा आली आहे. त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही, ऐतिहासिक म्हणतात.

लग्नानंतर चौथ्या दिवशी बायकोनं हात पाहिला. "हा नथु कोण?"

"मी."

"मग नरेंद्र कोण?"

याला उत्तर नव्हतं. तीही मराठी घेऊनच बी.ए. झालेली. थोडा वेळ हात पाहून म्हणाली, "'थू' दीर्घ पाहिजे." संसाराची सुरुवात अशी झाली. मला वाटतं, ठीकच झाली.

पण लग्नातली एक गोष्ट मला विनोदी करून सांगता येत नाही. फोटोची वेळ आली. सासरची माणसं एका बाजूला, आमची एका बाजूला, मध्ये खुर्चीत माय. फोटोग्राफरनं दिवा लावला आणि मायचं कपाळ, हनुवटी, हात सगळं लख्ख दिसायला लागलं. मी वाकून तिला म्हटलं, "माय, पदर जरा पुढं घे. अन् हात शालीत ठेव." तिला वाटलं, फोटोची हीच पद्धत असेल. तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला, पुढं घेऊन हनुवटीही झाकली आणि हात शालीत घेतले. फोटो छान आला. तिचा तेवढा एकच फोटो आहे. १९८३ साली ती गेली.

गेल्या महिन्यात मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, तुम्ही तिला समजवा. आमचं ऐकत नाही." नात म्हणजे संगणकाच्या नोकरीतली. तिला हातावर गोंदायचंय. सूनबाईंनी मागून सांगितलं, उद्या मुलाकडचे बघायला येतील तेव्हा काय म्हणतील? मी म्हटलं, पूर्ण बाह्या. हे त्यांना विनोदी वाटलं नाही. मी नातीला फोन दिला म्हणजे मागितला, आणि वडीलधाऱ्या आवाजात जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. वर्षभर रक्तदान करता येणार नाही, सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि तळव्याच्या मागच्या बाजूलाच चालतं. (तिथं आदिवासी पोरांना मात्र त्यांच्या रिवाजाप्रमाणं कुठंही चालतं, हे आमच्या सातपुड्यातल्या पोरांसाठी बरं आहे.) तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आजोबा, मला पणजीचं गोंदण हवंय. ती तुळस कशी होती? आणि हनुवटीवर ठिपके किती होते? फोटोत काहीच दिसत नाही. तिनं असं सगळं झाकून का घेतलंय?"

मी म्हटलं, तेव्हा तशी पद्धत होती.

फोन ठेवला आणि कागद घेऊन बसलो. तुळशीला फांद्या किती ते आठवेना. कुंडी चौकोनी होती, एवढं खात्रीनं सांगता येईल. हनुवटीवर ठिपके तीन की पाच? ज्या चेहऱ्याकडं मी ३२ वर्षं पाहिलं, त्यावरचे ठिपके मला मोजता येईनात. बायको म्हणाली तीन. मी म्हणालो पाच. शेवटी दोंडाईच्याला अक्काला फोन लावला. अक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळं फोनवरचा संवाद आमच्या सगळ्या गल्लीनं ऐकला.

"अक्का! मायच्या हनुवटीवर ठिपके किती होते?"

"काब्र रे नथू? काय व्हयनं?"

सांगितलं. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "मना हात देखा नहीं का तू कधी? गोंदनारीननी दोनीस्ना संगेच करं. मायनी तुळस, मनी तुळस, एकच शे."

खरं म्हणजे पाहिला होता. दर राखीला तो हात माझ्या मनगटाशी येतो.

येत्या रविवारी नात पुण्याहून येते आहे. दोंडाईच्याला जायचं, अक्काचा हात उजेडात धरायचा आणि पातळ कागदावर तुळस उतरवून घ्यायची, असं ठरलं आहे. पुण्याच्या गोंदणाऱ्याचा दर मी अक्काला सांगितला तेव्हा ती फोनवर ओरडली, "इतला पैसामा तं म्हैस ई जाई!" शिंपी म्हणाला आहे की माझे दोन अर्ध्या बाह्यांचे शर्ट शनिवारपर्यंत देतो. शनिवार म्हणाला म्हणजे बुधवार धरून चाललेलं बरं, पण सांगून ठेवलं आहे.