अनोळखी फाइल आणि प्रोसेस

हाती आलेली फाइल नेमकी कशाची आहे आणि संगणकात चालू असलेली प्रोसेस कोणाची आहे, हे ठरवण्याची रीत. नाव आणि आयकॉन कोणालाही बदलता येतात, म्हणून त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

अलिबाग–रेवदंडा रस्त्यावरील नागावात ही गरज रोजची आहे. नारळी-पोफळीच्या वाड्यांतील कॉटेजांना मुंबई-पुण्याचे पर्यटक व्हॉट्सॲपवर आधार कार्ड आणि पैसे भरल्याची पावती पाठवतात. ‘अनोळखी क्रमांकावरची फाइल उघडू नका’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. गिऱ्हाईक अनोळखीच असणार. पारख फाइलीचीच करावी लागते.

नावातील शेवटच्या टिंबापुढची अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन. पावती जेपीजी किंवा पीडीएफ असते. एपीके असेल तर ते अँड्रॉइडचे ॲप होय. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाचे चलन म्हणून असे ॲप पाठवण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. एसएमएसची परवानगी मिळाली की ते ओटीपी पळवते. ते टाकले गेलेच, तर इंटरनेट बंद करून बँकेला आणि १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शने लपवून ठेवते. त्यामुळे ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ हा प्रोग्रॅम नुसता ‘पावती.पीडीएफ’ दिसतो. ही लपवाछपवी फाइल एक्सप्लोररमध्ये बंद करता येते, आणि प्रत्येकाने ती आजच बंद करावी.

एक्स्टेन्शन बदलले तरी फाइलीचे सुरुवातीचे बाइट तेच राहतात. नोटपॅडमध्ये उघडल्यास पीडीएफच्या आरंभी टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ ही रोमन अक्षरे, तर विंडोजच्या प्रोग्रॅममध्ये ‘एमझेड’ दिसते. ‘पीके’ मात्र झिप, नवी वर्ड फाइल आणि एपीके या तिघांतही असते. त्यावरून फक्त कूळ कळते.

मराठी फाइलींची गोष्ट वेगळी. श्री-लिपी किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएममधील जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. असा अर्ज अनेकदा ‘व्हायरस लागला’ म्हणून पुसला जातो, आणि त्याची हळहळ वाटते, कारण फाइल धडधाकट असते. फॉन्ट टाकावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर दिसणारे प्रश्नचिन्हही पुष्कळदा एवढेच सांगते, की पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला त्या सहीचे प्रमाणपत्र ओळखीचे नाही.

प्रोसेस पाहण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतात. यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ अनेकदा दिसते. विंडोजच्या सेवा तिच्यातूनच चालतात, त्यामुळे संख्येने घाबरू नये. प्रोसेसवर उजवे क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. अस्सल एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये सापडते. ती डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये निघाली, अथवा नाव ‘एससीव्हीहोस्ट’ असे असले, तर संशय घ्यावा. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये कंपनीची डिजिटल सहीही पाहता येते, पण विंडोजच्या अनेक अस्सल फाइलींत ती तिथे दिसत नाही, तेवढ्यावरून फाइल पुसू नये.

तरीही शंका उरली तर व्हायरसटोटल या संकेतस्थळावर अनेक अँटिव्हायरसांकडून फाइल एकदम तपासता येते. मात्र तिथे चढवलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळू शकते. पाहुण्यांची ओळखपत्रे तिथे चढवू नयेत. फाइलचा ‘शा-२५६’ हा अंकाक्षरी ठसा काढून तेवढाच शोधावा. फाइल आधी कोणी तपासली असेल तर निकाल मिळतो.