चोपडी कुणाची, नजर कुणाची?

प्राप्तिकराचा हिशेब म्हणजे करदाता आणि सरकार यांच्यातला आपसातला मामला, असे आपण धरून चालतो. ही समजूत आली कुठून?

१८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले, तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. ती भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हिंदुस्थानात प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळवणाऱ्याला शेकडा दोन, त्यावरच्याला शेकडा चार. शेतसारा जमीन पाहून ठरे, आणि जमीन काही लपवता येत नाही. व्यापाऱ्याची कमाई मात्र त्याच्या चोपडीत. ती परक्या सरकारपुढे उघडायची, तर भाऊबंदांच्या आणि शेजारच्या दुकानदाराच्या कानी जाणार नाही, याची हमी हवी. १९२२ च्या कायद्याच्या ५४ व्या कलमाने ती दिली. विवरणपत्रातला तपशील फोडणाऱ्या सरकारी नोकराला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ च्या कायद्यातही हे बंधन १३७ व्या कलमात आले. १९६४ मध्ये ते वगळले गेले. तरीही दार सताड उघडले नाही. जनहित असेल तर आयुक्तांनी माहिती द्यावी, एवढीच फट राहिली.

दरम्यान राज्यकर्ते आपलेच झाले होते आणि प्रश्न उलटा झाला होता. सरकारने नागरिकाची चोपडी पाहायची. मग सत्ता ज्याच्या हाती, त्याची चोपडी नागरिकाने का पाहू नये? २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराची मालमत्ता जाणून घेणे हा मतदाराचा हक्क ठरवला. त्याला मुरड घालणारी कायद्यातली तरतूद २००३ मध्ये न्यायालयाने रद्द केली.

२००५ मध्ये माहितीचा अधिकार देशभर आला. त्याच्या आधारे महाराष्ट्रात काम केलेल्या एका केंद्रीय अधिकाऱ्याची मालमत्ता आणि विवरणपत्रे कुणी मागितली. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की विवरणपत्र ही वैयक्तिक बाब आहे. व्यापक जनहित दाखवता आले, तरच ते मिळेल. वैयक्तिक माहितीच्या त्या कलमातले जनहिताचे शब्दही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने गाळले. आता जनहिताचा आधार त्याच कायद्यातल्या दुसऱ्या पोटकलमात शोधावा लागतो.

म्हणजे मत मागणाऱ्याने मालमत्ता जाहीर करायची आणि सही-शिक्क्याचा धनी असलेल्या अधिकाऱ्याने झाकून ठेवायची.

नॉर्वेत सर्वांच्याच उत्पन्नाचे आणि कराचे आकडे पाहता येतात. तिथे शेजाऱ्यांची चौकशी करणारेही निघालेच. म्हणून २०१४ पासून नियम झाला, की कुणी आकडे पाहिले, हे ज्याचे आकडे त्याला कळावे. हिशेब उघडा, पण पाहणाराही उघडा.

आपण सगळे तसेच उचलावे असे नाही. पण परक्या राज्यात रयतेच्या चोपडीसाठी घातलेला पडदा स्वराज्यात अधिकाऱ्यांच्या खुर्चीपुढे किती काळ ठेवायचा, हे तरी ठरवायला हवे.