चेमुल ते चौल : जुने बौद्ध बंदर, डोंगरावरची लेणी आणि आजची बौद्धवाडी

चौल हे गाव रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, कुंडलिका खाडीच्या मुखाजवळ आहे. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले की नागावनंतर सुपारी-नारळाच्या वाड्यांत ते सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही, कारण चौल हे एक सलग गाव नसून पाखाड्यांचे गाव आहे. भोवाळे, बागमळा, आग्राव अशी नावे तिथल्या माणसाच्या तोंडी आधी येतात, चौल नंतर. बाहेरून येणाऱ्याला माहीत असते ते दत्ताचा डोंगर, रामेश्वराचे देऊळ आणि शेजारचा रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट एवढेच. आपल्या चळवळीतल्या तरुणांनाही चौल बहुतेक याच यादीतून माहीत आहे. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत.

चौलचे जुने नाव चेमुल. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात आणि पुढे टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर येते. दहाव्या शतकात अल-मसुदीने त्याला सैमूर म्हटले. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफानासी निकितिन इथेच उतरला. अलीकडे डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलमध्ये उत्खनन करून सातवाहनकाळातल्या वस्तीचे आणि समुद्री व्यापाराचे पुरावे पुढे आणले.

आमच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा पुरावा मात्र चौलमध्ये नाही, तो बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आहे. तिथल्या एका शिलालेखात चेमुलचा रहिवासी, रोहिणीमित्राचा मुलगा सुलसदत्त याने पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके, दान दिल्याची नोंद आहे. तो हेरणिक होता. या शब्दाचा अर्थ काही अभ्यासक सोनार असा करतात, काही खजिनदार असा. राजा नाही, सरदार नाही. धंदा करणारा एक माणूस भिक्खुसंघासाठी पाण्याची सोय करतो आणि स्वतःच्या नावाबरोबर गावाचे नाव कोरून ठेवतो. याच जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी असे दाते सापडतात. कोकणातला बौद्ध धम्म कष्टकऱ्यांनी आणि कारागिरांनी उभा केला हे सांगायला भाषणाची गरज नाही, ते दगडावर लिहिलेले आहे.

चौलमध्येच काय आहे? हिंगुळजा देवीच्या डोंगरावर कोरीव लेणी आहेत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने त्यांची नोंद बौद्ध लेणी म्हणून घेतलेली आहे. आज तिथे देवीचे स्थान आहे आणि गावकरी श्रद्धेने वर जातात. कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे, लेण्याद्रीला विहारात गणपती आहे, तसाच हा प्रकार. याबाबत आमचे मत स्पष्ट आहे. तिथे जाऊन वाद घालणे, निळा रंग फासणे किंवा रात्रीत बुद्धमूर्ती बसवणे हे चळवळीचे काम नव्हे. त्याने कोरीव कामाची हानी होते, पोलीस केस तरुणांवर होते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. मूळ प्रश्न नोंदीचा आहे. ही लेणी राज्य संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत का, नसतील तर प्रस्ताव कधी गेला होता का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाहीत, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे करावा. कोकणासाठी त्यांचा विभाग रत्नागिरीला आहे.

नोंदीचा हाच प्रश्न डोंगराखाली, बौद्धवाडीतही आहे, आणि तिथे तो जास्त जवळचा आहे.

मांडव्याला रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. मुंबई जवळ आली तसा अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यातल्या जमिनीवर बंगलेवाल्यांचा आणि रिसॉर्टवाल्यांचा डोळा आला. ज्याच्याकडे वाडी आहे तो विकायचे की नाही ते ठरवतो. ज्याचे घरच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभे आहे, त्याला कोणी विचारत नाही. कोकणातल्या अनेक बौद्धवाड्या गावठाणाच्या बाहेर आहेत. घर तीन-तीन पिढ्यांचे, घरपट्टी नियमित भरलेली, पण खालची जमीन जुन्या मालकाच्या नावावर. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे मालकाच्या नातवाने जमीन विकायला काढली की कळते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली, पण ती मोजणी गावठाणाची. गावठाणाबाहेरची वाडी त्यातही सुटते.

यावर कायद्यात काहीच नाही असे नाही. १९४८ च्या कुळ कायद्यात कुळाने, शेतमजुराने किंवा कारागिराने मालकाच्या जागेत बांधलेल्या घराला कलम १६ आणि १७ मध्ये संरक्षण आहे, आणि घराखालच्या जागेच्या खरेदीसाठी कलम १७ ब आहे. अर्ज तहसीलदारांकडे जातो. त्यासोबत लागतात ते जुने फेरफार, घरपट्टीचे उतारे, ग्रामपंचायतीचा नमुना ८, जुन्या मतदारयाद्या. हे कागद घरातल्या म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत असतात आणि त्यांच्या मागे बहुधा रद्दीत जातात. जिथे जमीन वतनाची होती तिथे वेगळी काळजी घ्यावी. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले, पण परत मिळालेली जमीन बहुतेक ठिकाणी वर्ग २ ची आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिचा व्यवहार करता येत नाही. कुणी साठेकरारावर सही मागत असेल तर आधी सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग बघावा.

याच अलिबाग तालुक्यात चरी आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप खोतांच्या विरोधात सहा वर्षे चालला. २५ गावांनी जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील यांनी तो चालवला आणि बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चाने गेले. आगरी, कुणबी आणि महार एका मागणीवर एकत्र आले होते. महाड आपण दरवर्षी साजरे करतो, चरी मात्र आपल्या कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच असते. घराखालच्या जमिनीचा प्रश्न आजही फक्त बौद्धवाडीचा नाही, आदिवासी वाडीचाही आहे, म्हणून चरीची आठवण इथे केली.

आता ग्रामसभेविषयी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेचा निधी वस्तीच्या लोकसंख्येवरून ठरतो आणि वस्तीचे नाव पंचवार्षिक बृहत आराखड्यात असावे लागते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च व्हायला हवेत, त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. इथेच आपल्या समाजाची एक अडचण आहे. कोकणातल्या वाड्यांची मुंबई शाखा आणि गाव शाखा अशी जुनी रचना आहे. विहाराची वर्गणी, जयंतीचा खर्च, भांडणाचा निवाडा, सगळ्यात मुंबईकरांचा शब्द मोठा. पण मतदारयादीत नाव मुंबईचे असेल तर ग्रामसभेत हात वर करता येत नाही. कुलूपबंद घरे वाढतात, वस्तीची नोंदलेली लोकसंख्या घटते आणि निधीही त्याबरोबर घटतो. मुंबई शाखेने विहाराच्या लाद्यांइतकेच लक्ष गावात राहिलेल्या दहा-पंधरा घरांच्या कागदांकडे दिले तर बरे. हे आमचे मत आहे, काहींना ते लागेल.

वस्तीच्या नावाबद्दलही विचारणा होते. जातिवाचक नावे बदलण्याचा शासन निर्णय ११ डिसेंबर २०२० चा आहे. बोलण्यात बौद्धवाडी रुळली तरी काही कागदांत जुने नाव राहून गेलेले असते. नवे नाव रहिवाशांनी ठरवून ग्रामसभेच्या ठरावाने पुढे पाठवावे. समतानगर, भीमनगर ही नावे आहेतच. चौलकरांनी चेमुलनगर असे नाव सुचवले तर आम्हाला आनंद होईल, पण तो त्यांचा अधिकार.

लेणी पाहायला जायचे असेल तर पावसाळ्यात जाऊ नये, वाट निसरडी होते. वर्षावास संपल्यावर, अश्विन पौर्णिमेनंतर जावे. वर जाण्याआधी गावात सांगावे, देवीच्या पुजाऱ्यांशी बोलावे. सोबत मोजपट्टी, वही, विजेरी आणि साधा मोबाईल पुरतो. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची लिहावी, दाराचा आणि भिंतीचा फोटो समोरून घ्यावा, तारीख टाकावी. शेंदूर लागलेला दगड खरवडू नये. परतताना वाडीतल्या एखाद्या आजीकडे थांबून तिच्या घराचा जुना उतारा कुठे आहे तेही विचारावे आणि त्याचाही फोटो घ्यावा.