हिंव आणि हिम

आमच्या मालवणच्या मुलांना बर्फ ठाऊक असतो तो बंदरावरचा. मासळीच्या पेट्यांत ठेचून भरतात तो. हिमवर्षावाचा धडा शिकवीत असता एकाने विचारले, "गुरुजी, डोक्यार लागणा नाय?" पोराचे काही चुकले नव्हते. कारखान्यातल्या लादीला आपण बर्फ म्हणतो, आणि आभाळातून पिंजलेल्या कापसासारखे उतरते त्यालाही बर्फच. संस्कृतातले हिम कोकणात पोचेतो वितळले. त्याचे हिंव झाले, हिवाळा झाला, आणि शेवटी आमच्या वाट्याला आला तो हिवताप!

याच भाषेत, कल्याण-अलिबागच्या दमट हवेत वाढलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यक शिकण्यास फिलाडेल्फियाला गेल्या. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला आठवते ती त्यांची खोली.

जिथे हिम पडते तिथल्या लोकांनी त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेला असतो. काश्मिरी माणूस फेरनच्या आत कांगडी धरून बसतो; उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट सीलची चरबी खातात आणि पूर्वी हिमाच्याच विटांच्या घरात ऊब साठवत. वस्त्र, अन्न आणि विस्तव यांची ती जुनी जुळणी असते. त्यातले एक काढले की बाकीच्यांवर भार येतो.

आनंदीबाई हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भरसभेत सांगून निघाल्या होत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी लुगडे सोडले नाही, पण ते गुजराती पद्धतीने नेसायला घेतले. केवढी व्यवहारी तडजोड! अन्नात मात्र तडजोड नाही, आहार शाकाहारीच. राहता राहिला विस्तव, तर खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवावी तर धूर कोंडे, विझवावी तर गारठा.

क्षय थंडीने होत नाही. त्याचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण धूर, गारठा आणि अपुरे अन्न यांनी खंगलेल्या देहात त्या जंतूला अडवणार कोण?

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांची रक्षा अमेरिकेत त्यांना मुलीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. त्यांनी ती पोकीप्सीच्या दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. न्यूयॉर्क राज्यातल्या त्या गावी दर हिवाळ्यात हिम पडते.